सिंधूच्या नावाचा काळ

किन्नौरच्या बाजूने चढून पिन-भाबा खिंड ओलांडली की स्पितीच्या अंगाला लागणारे पहिले गाव म्हणजे मुद. हिरव्या वाटाण्याची लहान शेते, मातीची पांढरी घरे, खाली वाहणारी पिन नदी आणि चहूकडे उघडेबोडके डोंगर. काही वर्षांपूर्वी पाच दिवसांची चाल संपवून आम्ही तिथे पोचलो, तेव्हा पायांना विश्रांती आणि पोटाला गरम जेवण यांपलीकडे कशाचेच भान नव्हते. ज्या घरी उतरलो होतो तिथल्या बाईंनी चहा देता देता समोरच्या उताराकडे बोट दाखवले आणि सांगितले की तिथे पूर्वी दूरदूरचे लोक दगड मोजायला यायचे, दिवसदिवस बसून थर फोडायचे, त्यांवर रंगाने आकडे लिहायचे. मी पाहिले. काळसर शेलवर करड्या चुनखडीचे पातळ थर, वहीच्या कडेसारखे. एक फोटो काढला आणि चहा संपवला.

तो उतार काय होता हे मला घरी परतल्यावर कळले, आणि तेव्हापासून तो फोटो मी कितीदा उघडला असेल याची मोजदाद नाही. पृथ्वीच्या इतिहासात इंडुअन नावाचा एक काळ आहे. तो ट्रायासिक कल्पाचा अगदी पहिला तुकडा. हा काळ कुठे संपला आणि पुढचा ओलेनेकियन काळ कुठे सुरू झाला, याची जागतिक खूण ठोकण्यासाठी ज्या मोजक्या जागा सुचवल्या गेल्या, त्यांत मुदचा तो उतार आहे. दुसरी जागा चीनमधल्या चाओहूची. आणि इंडुअन हे नाव आले आहे सिंधू नदीवरून. मुदखालची पिन स्पितीला मिळते, स्पिती सतलजला, आणि सतलजचे पाणी शेवटी सिंधूत जाते. म्हणजे ज्या नदीच्या काठावर बसून मी तो चहा प्यायलो, तिचेच पाणी पुढे त्या नावाकडे निघाले होते.

नावाची कथा थोडी विस्ताराने सांगतो, कारण ती मला मनापासून आवडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिमालयात आणि पंजाबच्या मिठाच्या डोंगररांगेत काम करणाऱ्या भूवैज्ञानिकांना ट्रायासिकच्या आरंभीचे समुद्री थर इतके नीट रचलेले सापडले की त्या काळाची मोजपट्टी भारतीय उपखंडातल्या खडकांवरूनच आखायची, असा विचार पुढे आला. मॉयसिसोविक्स, वागेन आणि डीनर या तिघांनी १८९५ साली मांडलेल्या वर्गीकरणात ‘ब्राह्मनियन’ असे नावसुद्धा होते. ते मागे पडले. १९५६ साली ल्युबोव किपारिसोवा आणि पोपोव या सोव्हिएत भूवैज्ञानिकांनी ट्रायासिकच्या पहिल्या भागाचे दोन काळ केले आणि दोघांना दोन नद्यांची नावे दिली: पहिल्याला सिंधूचे, दुसऱ्याला सायबेरियातल्या ओलेन्योकचे. पुढे टोझर या कॅनडाच्या शास्त्रज्ञाने इंडुअनचेही दोन पोटभाग केले, ग्रीसबाखियन आणि डिनेरियन. ही नावे उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ बेटांवरल्या दोन ओढ्यांची आहेत. पण त्या ओढ्यांना ज्यांची नावे लाभली ते ग्रीसबाख आणि डीनर दोघेही हिमालयात हिंडलेले. ग्रीसबाख तर पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा प्रमुख झाला. कुमाऊं-गढवालच्या सीमेवरल्या शलशलच्या कड्यातून त्याने ओटोसेरास नावाचा एक शिंपलाधारी प्राणी जगासमोर आणला, तो १८८० साली. शाळिग्रामातल्या चक्राकार खुणा ज्या अमोनाइट प्राण्यांच्या असतात, त्यांच्याच मोठ्या कुळातला हा एक फार आधीचा सदस्य, नाभीपाशी कानासारखा उभारलेला. आपल्या देवघरांतले शाळिग्राम पुष्कळ नंतरच्या जुरासिक काळातले असले, तरी त्यांचा वंश इंडुअनच्या अरुंद दारातून वाचून बाहेर पडलेल्या मोजक्या घराण्यांपैकी एकापासूनच पुढे चालत आलेला आहे.

या दारापलीकडे काय घडले होते, ते बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. ट्रायासिकच्या आधीच्या पर्मियन कल्पाच्या शेवटी पृथ्वीवरचा आजवरचा सर्वांत मोठा जीवसंहार झाला आणि समुद्रातल्या दहापैकी आठ-नऊ जाती नाहीशा झाल्या. कारण सायबेरियात फुटलेला लाव्हा. आपण सह्याद्रीची माणसे काळ्या फत्तराच्या पायऱ्या पाहत वाढतो, त्यामुळे लाव्हाचे थरावर थर म्हणजे काय, हे आपल्याला कुणी निराळे समजावून सांगावे लागत नाही. पण सायबेरियातला लाव्हा वर येताना कोळसा, मीठ आणि चुनखडी यांच्या जाड थरांत घुसला आणि त्याने ते थर भाजून काढले, हे त्यातले खरे भयंकर. त्या भाजण्यातून सुटलेल्या वायूंनी हवा तापली, समुद्र तापला, पाण्यातला प्राणवायू घटला, पाणी आम्लधर्मी झाले.

या संहाराबद्दल पुष्कळ लिहिले जाते. मला अडते ते पुढे. इंडुअनचा उल्लेख जिथे येतो तिथे तो एखाद्या सुतकासारखा येतो: मोठा मृत्यू झाला, मग काही लाख वर्षे काहीच नव्हते, मग हळूहळू सावरले, मग डायनोसॉर आले. जणू हा काळ दोन गोष्टींमधली रिकामी जागा. जुन्या कालकोष्टकांत त्याला जेमतेम सात लाख वर्षे मिळत. अलीकडच्या कोष्टकात ती सुमारे वीस लाखांवर गेली आहेत. सात लाख काय किंवा वीस लाख काय, त्यातला प्रत्येक दिवस कुठल्या ना कुठल्या प्राण्याने सकाळपासून रात्रीपर्यंत जगलेला आहे. त्याला रिकामे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

या अन्यायाला उत्तर खडकांनीच देऊन ठेवले आहे. इंडुअनच्या, आणि म्हणून साऱ्या ट्रायासिकच्या, आरंभाची जागतिक खूण चीनच्या झेजियांग प्रांतातल्या मेइशान इथल्या एका खाणीत आहे. तिथल्या थरांना क्रमांक दिलेले आहेत. संहाराचा घाव पंचविसाव्या थरापाशी दिसतो. ट्रायासिकची रेषा मात्र तिथे नाही. ती वर, सत्ताविसाव्या थराच्या मध्यात आहे. हा थर उणापुरा वीतभर जाडीचा, त्याचे चार भाग केलेले, आणि रेषा तिसऱ्या भागाच्या तळाशी. ती तिथे का, तर तिथे हिंडिओडस पार्व्हस नावाचा एक प्राणी पहिल्यांदा दिसतो. हा कोनोडोंट, म्हणजे ईलसारखा लांबट, मऊ शरीराचा समुद्री जीव. मागे उरतात ते त्याचे दातांसारखे भाग, मिलिमीटरहून लहान, जे चुनखडी सौम्य आम्लात विरघळवून, उरलेला गाळ चाळून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून वेचावे लागतात. यिन होंगफू यांनी १९८६ साली ही खूण सुचवली आणि पंधरा वर्षांच्या चर्चेनंतर २००१ मध्ये ती मान्य झाली. आसपासच्या ज्वालामुखी राखेतल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांवरून तिचे वय २५ कोटी १९ लाख वर्षे ठरले आहे.

म्हणजे शास्त्रज्ञांनी रेषा आखली ती कुणाच्या मरणावर नव्हे. मरणाचा मोठा घाव हजारो वर्षे आधीच बसून गेला होता. रेषा आखली ती एका नव्या, टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान दाताच्या पहिल्या दिसण्यावर. सीमारेषा ओळखायला सोपी असावी, जगभर सापडावी, हा त्यामागचा हिशोब. पण मला त्यात त्या काळाला दिलेला न्याय दिसतो.

या काळाशी माझी पहिली ओळख खरे तर कोळशातून झाली, आणि तीही उलट बाजूने. माझे लहानपण वणीकडच्या खाण वसाहतीत गेले. वडील खाणीत नोकरीला होते आणि कधीतरी खिशातून करड्या दगडाची चपटी कपची काढून माझ्यापुढे ठेवत, ज्यावर जिभेच्या आकाराचे, मधल्या शिरेचे पान उमटलेले असे. ते ग्लॉसोप्टेरिस. आपल्या देशातला गोंडवनी कोळसा, म्हणजे विदर्भातलाही, मुख्यतः त्याच वनस्पतींच्या दलदलींतून झाला. दामोदर खोऱ्यात राणीगंजला या गोष्टीचा शेवट वाचता येतो. तिथे खाली कोळशाने भरलेले राणीगंजचे थर आहेत आणि त्यांच्यावर पंचेतचे, हिरवट आणि तांबूस मातीच्या दगडाचे. पंचेतमध्ये कोळसा नाही. पंचेतमध्येच काय, त्या काळातल्या जगातल्या कुठल्याच खडकांत नाही. दलदल बांधणाऱ्या वनस्पती गेल्या आणि पुढची सुमारे एक कोटी वर्षे पृथ्वीवर कुठेही दगडी कोळसा तयार झाला नाही. खाणीच्या माणसाला पंचेतचा दगड म्हणजे कामाचा शेवट. वडील तिथे गेले असते तर त्यांनीही तेच म्हटले असते. आणि नेमक्या त्याच निरुपयोगी दगडात इंडुअनचे रहिवासी झोपलेले आहेत.

त्यांतला सर्वांत ठळक लिस्ट्रोसॉरस. डुकराएवढा, बसक्या अंगाचा, आखूड आणि खाली वळलेल्या तोंडाचा, कासवासारखी चोच आणि वरच्या जबड्यातून डोकावणारे दोन सुळे. नावाचा अर्थ फावड्याचा सरडा, पण तो सरडा नव्हे. सस्तन प्राण्यांच्या दूरच्या नातलगांतला, शाकाहारी. पंचेतच्या थरांतून निघालेली त्याच्या कुळाची हाडे थॉमस हक्सली यांनी १८६५ साली अभ्यासून वर्णिली. दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशात तर त्या वेळच्या थरांत निघेल ते हाड बहुधा याचेच. चीनमध्ये तो आहे, रशियात आहे, आणि १९६९ च्या डिसेंबरात एडविन कोलबर्ट यांच्या पथकाला तो अंटार्क्टिकाच्या कोलसॅक ब्लफवर सापडला, तेव्हा हे भूखंड कधीकाळी एकमेकांना लागून होते याबद्दलच्या उरल्यासुरल्या शंकाही गळाल्या. आसनसोलजवळ आणि दक्षिण ध्रुवाजवळ एकच प्राणी चरत होता; मध्ये समुद्र नव्हता, चालत जाता येत होते.

तो वाचला कसा याची उत्तरे त्याच्या हाडांत आणि सुळ्यांत मिळू लागली आहेत. सुळा आयुष्यभर वाढत राहतो आणि झाडाच्या खोडासारखा त्यात वाढीचा हिशोब राहतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंटार्क्टिकातल्या आणि आफ्रिकेतल्या सुळ्यांचे छेद शेजारी ठेवून पाहिले, तर ध्रुवाकडच्या प्राण्यांच्या सुळ्यांत जाड, दाट, ताणाच्या रेघा निघाल्या. लांबलेल्या अंधाऱ्या हिवाळ्यात ते शरीराची गती मंद करून पडून राहत असावेत, अशा त्या खुणा आहेत. कारूमधल्या हाडांनी दुसरीच गोष्ट सांगितली. संहारापूर्वीचे लिस्ट्रोसॉरस तेरा-चौदा वर्षे जगत. नंतरच्यांची हाडे बहुतेक दोन-तीन वर्षांचीच. एवढ्या तोकड्या आयुष्यात वंश टिकवायचा तर पूर्ण वाढ व्हायच्या आतच पिल्ले घालायला हवीत, आणि ते तसेच करत असावेत. मला या तपशिलाने फार दिवस अस्वस्थ केले. ज्याला आपण सावरणे म्हणतो, ते त्या प्राण्यांसाठी अर्धवट वयात आई होणे होते.

उन्हाबद्दल आम्हा विदर्भातल्या माणसांना वेगळे सांगण्याची गरज नसते. चंद्रपूरच्या मे महिन्यात सत्तेचाळीस अंशांत दुपारी रस्त्यावर कावळाही दिसत नाही. पण ती हवा आहे, आणि संध्याकाळ होते, आणि जूनमध्ये पाऊस येतो. ट्रायासिकच्या आरंभीच्या सर्वांत तप्त टप्प्यात विषुववृत्तावरच्या समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणीच चाळीस अंशांच्या घरात गेले होते, असे कोनोडोंटांच्या दातांतल्या प्राणवायूच्या प्रकारांवरून मोजले गेले आहे. तो टप्पा इंडुअनच्या किंचित पुढचा. तरी इंडुअनचे पाणीही आपल्या आजच्या समुद्राच्या मानाने कढतच. त्या पाण्यात पंख्यासारख्या पातळ शिंपल्याचा क्लारिया नावाचा जीव इतका माजला होता की काही थर उलगडले तर दगडाचे पान त्याच्याच ठशांनी भरून जाते. कमी प्राणवायूवर त्याचे भागत होते. पण तेवढ्यावरून सारा समुद्र दरिद्री होता असे धरून चालणारेही चुकले. २०२३ साली दक्षिण चीनमधल्या ग्वेयांगजवळचे जीवाश्म प्रसिद्ध झाले, २५ कोटी ८ लाख वर्षांपूर्वीचे, म्हणजे संहारानंतर अवघ्या दहा लाख वर्षांतले, आणि त्यांत सीलाकांथ मासे, इतर अनेक मासे, झिंग्यांच्या आणि शेवंडांच्या कुळांतले जीव असा भरलेला संसार निघाला. ज्या काळाची पाटी आपण कोरी समजत होतो, तिच्यावर कुणीतरी बारीक अक्षरांत बरेच काही लिहून ठेवले होते.

जमिनीवर उपाय एकच होता, खाली जाणे. कारूमधल्या या थरांत बिळे पुष्कळ सापडतात, पुराच्या गाळाने भरून दगड झालेली. असेच एक बीळ १९७५ मध्ये गोळा केले गेले आणि कित्येक वर्षे कपाटात राहिले. पुढे ते न फोडता फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉन या प्रचंड यंत्राच्या क्ष-किरणांखाली धरले, आणि २०१३ साली त्याचे चित्र प्रसिद्ध झाले. आत दोघे होते. एक थ्रिनॅक्झोडॉन, मांजराएवढा, सस्तन प्राण्यांच्या वाटेवरचा, अंग मुडपून पडलेला, बिळाचा मालक. दुसरा ब्रूमिस्टेगा, सपाट डोक्याचा उभयचर, ज्याने बिळात असण्याचे काहीच कारण नव्हते. त्याच्या ओळीने बऱ्याच बरगड्या मोडलेल्या होत्या आणि त्या भरून येत होत्या. म्हणजे घाव बसल्यावर तो काही आठवडे तरी जगला होता. मालकाने त्याला मारून आणले असावे, तर तशा दातांच्या खुणा नाहीत. ओढून आणले असावे, तर बिळाचा आकार तसा नाही. उरते ते एवढेच, की हा जखमी जीव उन्हापासून सरपटत आत आला आणि उन्हाळी झोपेत पडलेल्या मालकाने त्याला हुसकले नाही. मग पाणी आले, गाळ आला. त्या चित्रात थ्रिनॅक्झोडॉनच्या अंगालगत ब्रूमिस्टेगा पसरलेला दिसतो. इंडुअनबद्दल मला कुणी एकच गोष्ट दाखवायला सांगितली, तर मी ते चित्र दाखवीन.

आपल्याकडेही त्या काळाचा एक धागा आहे, आणि तो माझ्या गावाच्या इतक्या जवळून जातो, हे मला चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हते. एकोणिसाव्या शतकात नागपुरात राहिलेला स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्याच्या नावाचे महाविद्यालय शहरात आजही आहे, सुट्टीच्या दिवसांत दगड गोळा करत हिंडे. नागपूरच्या दक्षिणेला साठेक मैलांवर, वर्धा खोऱ्यातल्या मांगलीच्या वालुकाश्मातून त्याला आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याला एक रुंद, चपटी, आखूड कवटी मिळाली. रिचर्ड ओवेन यांनी १८५० च्या दशकात तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. ब्रूमिस्टेगाप्रमाणेच तोही प्राचीन उभयचरांच्याच मोठ्या गटातला. मांगलीचे ते थर ट्रायासिकच्या आरंभीचे मानले जातात. त्याच दगडात शिंपल्यासारख्या, डाळीएवढ्या, बांगड्यांसारख्या वर्तुळरेषांच्या असंख्य खुणा होत्या. शिंपले नव्हेत ते. दोन झडपांच्या कवचात राहणारे, झिंग्यांच्या दूरच्या नात्यातले गोड्या पाण्यातले जीव. १८६२ मध्ये रूपर्ट जोन्स यांनी त्यांना गावावरून मांगलिएन्सिस हे नाव दिले. आणि योगायोग असा की, नागपूरच्याच तळ्यांतून हिस्लॉपने त्यांचा एक जिवंत भाऊबंदही पाठवला होता. विल्यम बेअर्ड यांनी १८५९ मध्ये वर्णिलेल्या त्या जातीला आजही हिस्लॉपचे नाव आहे. एकाच माणसाने त्या कुळाचा दगडातला पूर्वज आणि पाण्यातला वंशज, दोन्ही एकाच मुलुखातून उचलले. १८६३ साली टाकळघाटजवळ पुराच्या ओढ्यात तो बुडाला, तेव्हा वयाची पन्नाशीही त्याने गाठली नव्हती.

हे वाचल्यावर मी त्या दोन झडपांच्या जिवांना शोधू लागलो. हिस्लॉपच्या नावाची जात मला मिळाली नाही, पण तिची भावंडे मिळाली, आणि तीही आमच्या वणीकडच्या शेतात, बांधालगतच्या सखल जागी आषाढात साचणाऱ्या गढूळ पाण्यात. ओंजळ भरून घेतली आणि चिखल खाली बसू दिला, तेव्हा तळहातावर दोन फिकट, पारदर्शक झडपा उघडमीट करताना दिसल्या, आत पायांची बारीक, अखंड थरथर, आणि कवचावर मांगलीच्या दगडात आहेत तशाच, नेमक्या तशाच, एकात एक रेषा. पुन्हा पाण्यात सोडल्यावर तो जीव कुशीवर पोहत चिखलात गेला. याची कथा तीन-चार आठवड्यांची असते. डबके आटते, जीव मरतात, अंडी मातीत राहतात, आणि ती माती वाळली, भेगाळली, वैशाखात तापली, तरी अंडी आतला जीव राखून पडून राहतात, कधी एक उन्हाळा, कधी कित्येक.

त्या वर्षी कार्तिकात मी डबक्याच्या तळाची वाळलेली खपली काचेच्या बरणीत भरून घरी आणली आणि माळ्यावर ठेवून दिली. पुढच्या वर्षी पाऊस लांबला. जूनच्या अखेरीस पहिली सर आली, तेव्हा तसराळ्यात धरलेले पावसाचे पाणी मी त्या बरणीत ओतले आणि ती खिडकीत ठेवली. पहिल्या दिवशी नुसता गढूळपणा. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी बरणीच्या मागे बॅटरी धरली, तर पाण्यात ठिपके होते, टाचणीच्या डोक्याहून लहान, आणि ते झटके देत उजेडाकडे येत होते.